किशोरवयीन मुलांचे मानसिक आरोग्य कसे मोजावे: इंदूरमधील नव्या समुपदेशकांसाठी आणि शिक्षकांसाठी

इंदूरच्या एखाद्या शाळेत समुपदेशक म्हणून नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीकडे, किंवा मराठी मंडळाच्या उपक्रमात काम करू लागलेल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीकडे, फार लवकर एक विनंती येते: आठवी ते बारावीच्या मुलांचे मानसिक आरोग्य एकदा तपासून द्या आणि किती मुले अडचणीत आहेत ते सांगा. विनंती करणाऱ्यांच्या मनात मुलांविषयी खरी काळजी असते. तरीही ती जशीच्या तशी स्वीकारून प्रश्नावल्यांचे गठ्ठे वाटायला निघू नये, कारण या कामातले बहुतेक महत्त्वाचे निर्णय पहिला प्रश्न विचारण्याच्या आधीच घ्यावे लागतात. पुढील मजकूर त्या निर्णयांच्या क्रमाने लिहिला आहे.

काम किती गरजेचे आहे याविषयी शंका नको. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे किशोरवय मानते आणि या वयातील सुमारे सातांपैकी एका व्यक्तीला मानसिक विकार असतो असा तिचा अंदाज आहे. आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. सातांपैकी एक म्हणजे सुमारे १४ टक्के, मग ७.३ हा आकडा निम्मा कसा, असे कोणी विचारील. वयोगट, साधन, प्रश्न विचारण्याची पद्धत आणि विकार कशाला म्हणायचे याची व्याख्या बदलली की आकडा बदलतो. म्हणून आपल्या शाळेचा आकडा सांगताना तो कोणत्या साधनाने, कोणाला विचारून आणि कोणत्या महिन्यात मिळाला हे त्याच वाक्यात सांगण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आधी उत्तराची व्यवस्था, मग प्रश्न

पहिली पायरी कागदावरच्या प्रश्नांची नाही. एखाद्या मुलीने ‘मला जगावेसे वाटत नाही’ या अर्थाचे उत्तर दिले, तर त्याच दिवशी तिच्याशी कोण बोलेल, घरी कोण कळवील, आणि तिला कोणत्या डॉक्टरांकडे नेले जाईल, या तीन प्रश्नांची नावांसह लेखी उत्तरे तयार असल्याशिवाय मोजणी सुरू करू नये. विचारून ऐकून घेणे आणि नंतर काहीच न करणे हे न विचारण्यापेक्षा वाईट आहे, कारण त्या मुलीने सांगण्याचे धैर्य गोळा केलेले असते आणि तिची अशी समजूत होते की सांगून काही उपयोग नसतो.

इंदूरमध्ये यासाठी सोयी आहेत. महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या सर्वांच्या एम. वाय. मध्ये, मानसोपचार विभाग आहे. बाणगंगा येथे शासकीय मानसिक रुग्णालय आहे. शिवाय शहरात खाजगी मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे की नाही हे अवश्य पाहावे. यांपैकी निदान दोन ठिकाणी स्वतः जाऊन, बाह्यरुग्ण विभागाची वेळ, पाठवण्याच्या चिठ्ठीचा नमुना आणि अल्पवयीन मुलासोबत कोणी यावे लागते हे विचारून घ्यावे. दूरध्वनीवरून मदत देणारी केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी छापावेत, म्हणजे ज्याने कागदावर काही लिहिले नाही त्याच्याही हाती ते पडतील.

काय मोजायचे ते एका वाक्यात लिहावे

‘मानसिक आरोग्य’ ही एकच गोष्ट नाही. दुःख, भीती, चिडचिड, झोप न लागणे ही लक्षणे मोजणे वेगळे आणि आनंद, उत्साह, आपलेपणा, जगण्यात अर्थ वाटणे हे स्वास्थ्य मोजणे वेगळे. लक्षणे कमी असलेला मुलगाही कोमेजलेला असू शकतो आणि विकाराचे निदान झालेली मुलगी औषधोपचार घेत उत्तम जगत असू शकते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांनी २००२ पासून हा विचार सातत्याने मांडला.

हेतूही तीन प्रकारचे असतात. संपूर्ण वर्गाचे चित्र पाहायचे असेल तर नावे नकोत. मदतीची गरज असलेली मुले ओळखायची असतील तर ओळख पटणे आवश्यक आहे. आपण घेत असलेल्या उपक्रमाचा परिणाम पाहायचा असेल तर त्याच मुलांना पुन्हा विचारावे लागेल. ‘नववीतील मुलांमध्ये भावनिक अडचणी असलेली मुले ओळखून त्यांच्याशी पंधरा दिवसांत व्यक्तिशः बोलणे’ असे एक स्पष्ट वाक्य लिहून मुख्याध्यापकांची त्यावर सही घ्यावी. पुढचे अनेक गैरसमज त्या वाक्याने टळतात.

साधनाची निवड

नवख्यांना स्वतःचे प्रश्न तयार करण्याचा मोह होतो. तो आवरावा. चांगली प्रश्नावली तयार होण्यास वर्षे लागतात: तिचे प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत का, काही दिवसांनी पुन्हा विचारल्यास उत्तर जवळपास तेच येते का, आणि ती जे मोजण्याचा दावा करते तेच मोजते का, हे शेकडो मुलांवर तपासले जाते. आपण बैठकीत बसून लिहिलेल्या वीस प्रश्नांना यातले काहीच पाठबळ नसते.

पहिल्या कामासाठी माझा कौल जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच प्रश्नांच्या स्वास्थ्य निर्देशांकाला आहे. १९९८ पासून वापरात असलेल्या या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांतील प्रसन्नता, शांतता, उत्साह, ताजेतवाने जागे होणे आणि दैनंदिन जीवनातील रस एवढेच विचारले जाते. सर्व प्रश्न सकारात्मक असल्याने मुले बिचकत नाहीत आणि पालकांनाही आक्षेपार्ह काही वाटत नाही. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण, एकूण ० ते २५, आणि त्याला चाराने गुणले की ० ते १०० ची मापनी मिळते. एखाद्या मुलाचे गुण २, १, ३, १, २ असे असतील तर बेरीज ९ आणि निर्देशांक ३६. साधारणपणे ५० किंवा त्याहून कमी गुण आल्यास पुढे बोलणे आवश्यक मानतात.

अडचणींचे स्वरूप समजून घ्यायचे असेल तर ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली, एसडीक्यू या नावाने ओळखली जाणारी, सामर्थ्ये आणि अडचणींची प्रश्नावली घ्यावी. तीत २५ विधाने आहेत आणि त्यांचे पाच-पाचाचे पाच गट आहेत: भावनिक लक्षणे, वर्तनाच्या समस्या, अतिचंचलता, समवयस्कांशी असलेल्या अडचणी आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती. ११ ते १७ वर्षांची मुले ती स्वतः भरतात. पालक आणि शिक्षक यांच्यासाठी वेगळे नमुने आहेत. कागदावर, नफ्याच्या हेतूशिवाय वापरण्यास ती विनामूल्य आहे, मात्र तिचे हक्क राखीव आहेत. परवानगीशिवाय तिचे शब्द बदलणे, स्वतः भाषांतर करणे किंवा ती ऑनलाइन फॉर्ममध्ये उतरवणे चालत नाही. असे फॉर्म सर्रास फिरताना दिसतात, आणि ते वापरू नयेत असे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आग्रहाने सांगते.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ (२००१) आणि चिंतेसाठी जीएडी-७ (२००६) याही प्रश्नावल्या विनामूल्य आहेत, आणि पहिलीचे किशोरांसाठी थोडे बदललेले रूपही मिळते. पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात शिरतो अशी भीती अनेक शिक्षकांना वाटते. झालेल्या अभ्यासांत तिला आधार मिळालेला नाही, उलट कोणीतरी सरळ विचारले याचा अनेकांना दिलासा वाटतो. परंतु या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी, मुले शाळेतून घरी जाण्याआधी, वाचले गेलेच पाहिजे. तेवढे मनुष्यबळ नसेल तर या प्रश्नाशिवायचे आठ प्रश्नांचे रूप वापरावे.

कोणत्या भाषेत विचारावे

महाराष्ट्रातील शाळांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये हा प्रश्न क्वचितच येतो, पण आपल्याकडे तो टाळता येत नाही. इंदूरच्या मराठी घरातील मूल आजीशी मराठीत बोलते, मित्रांशी हिंदीत बोलते आणि उत्तरपत्रिका बहुधा इंग्रजीत लिहिते. पालकांना ‘मराठी मुलांसाठी मराठी प्रश्नावली’ असे वाटणे स्वाभाविक आहे. तरी अनेक मुलांना छापील मराठी वाचताना अडखळायला होते, आणि अडखळत वाचलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या अडखळण्याचेही असते. मूल मनातले ज्या भाषेत मित्राला सांगते, त्या भाषेतील अधिकृत आवृत्ती त्याला द्यावी. इथे ती बहुधा हिंदी असते. पालकांचा नमुना मात्र मराठीत उपलब्ध असल्यास मराठीत द्यावा. शाळेत एकापेक्षा अधिक भाषांच्या आवृत्त्या वापरल्या, तर प्रत्येक कागदावर भाषेची नोंद करावी आणि भाषेनुसार निकाल वेगळा येतो का हे पाहावे.

प्रत्यक्ष मोजणीआधी पाच-सहा मुलांना प्रश्न वाचून दाखवून ‘यातून तुला काय विचारले आहे असे वाटते?’ एवढेच विचारावे. ‘तक्रारी’ या शब्दाचा अर्थ मुलांनी शिक्षकांकडे केलेल्या तक्रारी असा घेतला, किंवा ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्द कोणी वाचलेच नाहीत, अशा गोष्टी इथे कळतात. अधिकृत प्रश्नावलीचे शब्द आपण बदलू शकत नाही, पण वर्गात देण्याच्या तोंडी सूचना त्यानुसार सुधारू शकतो.

संमती, होकार आणि गुप्ततेची मर्यादा

अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि तिच्याबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा. पालकांनी सही केली म्हणून मुलाने उत्तरे दिलीच पाहिजेत असे नाही. कोरा कागद परत करण्याची मुभा त्याला आहे हे वर्गात स्पष्ट सांगावे. माहिती संगणकावर ठेवणार असाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे भान ठेवावे, ज्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लिहावा, आणि क्रमांक व नावे यांची यादी वेगळ्या कपाटात, एकाच व्यक्तीच्या ताब्यात ठेवावी.

गुप्ततेचे वचन देताना तिची मर्यादाही त्याच वेळी सांगितली पाहिजे. जीवाला धोका असल्यास पालकांना सांगावे लागते. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. ‘तू सांगितलेले कोणालाच कळणार नाही’ असे वाक्य कधीही उच्चारू नये, कारण ते खरे नाही, आणि ते मोडावे लागले की त्या मुलाचा मोठ्यांवरचा विश्वास मोडतो.

इंदूरच्या मराठी समाजात आणखी एक अडचण आहे. सुदामानगर असो वा लोकमान्यनगर, घरोघरच्या ओळखी असतात. शाळेत जिला मूल ‘मॅम’ म्हणते तीच गणेशोत्सवात त्याच्या आईची मैत्रीण आणि त्याची मावशी असते. अशा वेळी मूल खरे लिहीत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. जवळची ओळख असलेल्या मुलांचे कागद दुसऱ्या सहकाऱ्याने तपासावेत, हे मोजणीआधीच ठरवावे आणि मुलांना तसे सांगावे.

दिवस आणि जागा

बहुतेक प्रश्नावल्या गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारतात. एसडीक्यू सहा महिन्यांविषयी. म्हणून दिवस विचारपूर्वक निवडावा. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात घेतलेली मोजणी परीक्षेची धास्ती मोजते, आणि रंगपंचमीच्या ‘गेर’ मिरवणुकीनंतर लगेच घेतलेली मोजणी सुटीचा आनंद. जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट मला सोयीचा वाटतो: वर्ग स्थिरावलेले असतात आणि सापडलेल्या अडचणींवर काम करायला वर्ष शिल्लक असते. शुक्रवार-शनिवार टाळावा, नाहीतर अस्वस्थ मूल मधले दिवस एकटे पडते.

बाकांवर एकाआड एक मुले बसवावीत, वर्गशिक्षकांना नम्रपणे बाहेर थांबायला सांगावे, आणि सर्वांचे कागद बंद पाकिटात घ्यावेत.

गुण वाचणे

एसडीक्यूमध्ये प्रत्येक विधानाला ०, १ किंवा २ गुण असतात आणि पाच विधानांचे गुण उलटे (होकाराला ०, नकाराला २) मोजावे लागतात. नवख्यांची बेरीज बहुधा तिथेच चुकते. मदतवृत्तीचा गट एकूण अडचणींत मिळवायचा नसतो, त्यामुळे एकूण गुण ० ते ४० होतात. मुलाने स्वतः भरलेल्या नमुन्यात ० ते १५ सर्वसाधारण, १६ ते १९ सीमेवरचे आणि २० पासून पुढे जास्त मानतात. हे टप्पे ब्रिटनमधील मुलांवरून ठरले आहेत, म्हणून त्यांना कायद्यासारखे मानू नये.

समजा, एका मुलीचे भावनिक लक्षणांत ७, वर्तनात २, चंचलतेत ५ आणि समवयस्कांच्या गटात ४ गुण आहेत. एकूण १८, म्हणजे ती सीमेवर. घाईचा वाचक इथेच थांबेल. परंतु भावनिक गटात ७ हा आकडा वरच्या टप्प्यात येतो आणि मैत्रीच्या गटातही ती सीमेवर आहे. शांत, शिस्तीत बसणारी, कोणाला त्रास न देणारी आणि आतून खचत चाललेली मुलगी कागदावर अशी दिसते. एकूण बेरजेत ती लपते, म्हणून गटवार गुण पाहिल्याशिवाय कोणताही कागद बाजूला ठेवू नये.

पालक, शिक्षक आणि मूल यांची उत्तरे जुळत नाहीत तेव्हा कोणीतरी खोटे बोलते आहे असे समजू नये. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलाचे स्वतःविषयीचे उत्तर आणि इतरांचे त्याच्याविषयीचे उत्तर यांतील सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सरासरी ०.२२ इतकाच निघाला, तर आई आणि वडील यांच्यासारख्या समान भूमिकेतील व्यक्तींमध्ये तो ०.६० होता. भीती आणि उदासी यांविषयी मूल अधिक जाणते. वर्तनाविषयी मोठ्यांना अधिक दिसते. तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत, त्यांची सरासरी काढू नये.

किती नावे खरी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. समजा शाळेत ५०० मुले आहेत, त्यांपैकी शंभरात सात, म्हणजे ३५ मुलांना खरोखर विकार आहे, आणि आपली प्रश्नावली विकार असलेल्या शंभरांपैकी ८० मुलांना ओळखते व विकार नसलेल्या शंभरांपैकी ८० मुलांना बरोबर वगळते. ३५ पैकी २८ सापडतील. उरलेल्या ४६५ पैकी ९३ मुलेही चुकून यादीत येतील. यादी १२१ नावांची होईल आणि तीत खरी २८, म्हणजे चारांत एकही पूर्ण नाही. शिवाय ७ मुले यादीबाहेर राहतील. साधन चांगले असूनही हे घडते, कारण विकार नसलेल्या मुलांची संख्याच मोठी असते.

यातून तीन गोष्टी ठरतात. यादीतील मुलाला ‘नैराश्य आहे’ असे कधीही म्हणू वा लिहू नये. निदान प्रत्यक्ष मुलाखतीनंतर तज्ज्ञच करतात. यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर किंवा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाऊ नये. आणि १२१ मुलांशी प्रत्येकी वीस मिनिटे बोलायचे तर सुमारे ४० तास लागतात; एकट्या समुपदेशकाने रोज चार मुलांशी बोलले तरी शाळेचे सुमारे ३० दिवस. म्हणून पूर्ण शाळेची मोजणी एकाच दिवशी घेऊ नये. एक इयत्ता घ्यावी, तिच्या मुलाखती संपवाव्यात, मग दुसरी.

मुलाखतीत प्रश्नावलीतलेच प्रश्न पुन्हा वाचू नयेत. हे कधीपासून आहे, झोप, जेवण, अभ्यास आणि मैत्री यांवर काय परिणाम झाला आहे, घरात कोणाशी बोलता येते, एवढे शांतपणे विचारावे. जीव देण्याचा विचार असल्यास ठरवलेला मार्ग आहे का, साधन हाताशी आहे का, हे सरळ शब्दांत विचारावे, मुलाला एकटे सोडू नये, आणि पालकांना बोलावून घरातील औषधे, उंदीर मारण्याचे औषध आणि कीटकनाशके कुलूपबंद करायला सांगावे.

पुन्हा मोजताना

जास्त गुण आलेल्या मुलांनाच निवडून तीन महिन्यांनी पुन्हा मोजले, तर काहीही न करता त्यांचे गुण सरासरीकडे झुकून थोडे कमी येतात, कारण पहिल्या दिवसाची टोकाची उत्तरे काही अंशी योगायोगाची असतात. त्या घटीचे श्रेय आपल्या उपक्रमाला देण्याआधी, उपक्रमात न आलेल्या तशाच मुलांचे गुणही पाहावेत. शाळेला अहवाल देताना दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचे आकडे वेगळे दाखवू नयेत, कारण त्यावरून मूल ओळखू येते.

आणि हजेरीपट तपासावा. मोजणीच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांचे कागद कोरे म्हणून बाजूला पडतात, पण उदास, घाबरलेले, छळ सहन करणारे मूलच शाळा बुडवते. इंदूरच्या भंवरकुआ भागातील कोचिंगसाठी खरगोन, धार किंवा देवासहून येऊन खोली घेऊन राहणारी मुले तर कित्येकदा नावापुरतीच शाळेच्या पटावर असतात आणि त्यांच्या घरी संध्याकाळी विचारणारे कोणी नसते. गैरहजर नावांची यादी त्याच दिवशी करावी, पुढच्या आठवड्यात त्या प्रत्येकापर्यंत पोहोचावे, आणि ते होईपर्यंत त्या वर्गाची मोजणी पूर्ण झाल्याची नोंद करू नये.